दंतवैद्यकाला जायचे असेल तर मेजर कोणता? : एका सशुल्क मार्गदर्शन सेवेचा अनुभव

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आम्ही न्यू जर्सीतील एका खासगी प्रवेश-मार्गदर्शन सेवेचे ‘प्री-डेंटल’ पॅकेज घेतले. व्हिडिओ कॉलवर पाऊण-पाऊण तासाच्या सहा बैठका आणि त्यासाठी चौदाशे डॉलर आगाऊ, असा व्यवहार होता. मुलगी तेव्हा राज्यातील एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला नुकतीच दाखल होत होती. पदवीनंतर दंतवैद्यकाला अर्ज करायचा हे तिचे ठरले होते. त्या दृष्टीने पदवीला मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घ्यावा, हा आमचा मोठा प्रश्न होता. आतापर्यंत चार बैठका झाल्या आहेत, आणि त्याच काळात विद्यापीठाच्या स्वतःच्या प्री-हेल्थ कार्यालयातही (वैद्यकीय शाखांकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला देणारे कार्यालय) आम्ही जाऊन आलो, जिथे वेगळे शुल्क द्यावे लागत नाही. दोन्हीकडे मिळालेल्या सल्ल्यात इतका फरक निघाला की इथल्या मराठी पालकांसाठी तो नीट लिहून ठेवावासा वाटला. सेवेचे नाव मी देत नाही, कारण या प्रकारच्या पॅकेजांकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, एवढाच माझा विषय आहे.

आपण अशा सेवांकडे का वळतो, ते आधी सांगितले पाहिजे. माझ्या चुलत बहिणीने पुण्यात बीडीएस केले. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र, मग प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप. या वाटेवर मेजर नावाचा प्रश्नच उभा राहत नाही. आजही तिकडे बारावीनंतर ‘नीट’ देऊन थेट दंतवैद्यकाला जाता येते. अमेरिकेत मात्र बहुतेक विद्यार्थी आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि नंतर चार वर्षांच्या डीडीएस किंवा डीएमडी या दंतवैद्यकाच्या पदवीला जातात. (ही दोन नावे वेगळी असली तरी शिक्षण आणि परवाना यांत काही फरक नाही. हार्वर्डने आपल्या पदवीला लॅटिन नाव दिले आणि पुढे काही विद्यापीठांनी तेच उचलले, एवढेच त्यामागचे कारण.) पहिली चार वर्षे कोणत्या विषयात घालवायची याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला असते, आणि आपण स्वतः त्या वाटेने गेलेलो नसल्यामुळे नेमके तेच स्वातंत्र्य आपल्याला धास्तावते. मीही त्या धास्तीपोटीच पैसे भरले.

पहिल्या बैठकीत सल्लागारांनी पंधरा मिनिटांत निकाल दिला: बायॉलॉजी. मुलीने सांगितले की तिला स्पॅनिशमध्ये मेजर करावेसे वाटते. शाळेत चार वर्षे ती भाषा शिकली आहे आणि तिला ती मनापासून आवडते. त्यावर उत्तर आले की भाषेचा मेजर पाहून प्रवेश समितीला विद्यार्थी विज्ञानाबाबत गंभीर वाटत नाही. जाता जाता त्यांनी असेही सांगितले की शाळेतल्या एपी बायॉलॉजीचे (एपी म्हणजे शाळेतच घेतलेला महाविद्यालयीन पातळीचा विषय) क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळाले आहे, तेव्हा पहिल्या वर्षाची बायॉलॉजी घेण्याची गरज नाही. मी वहीत दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या आणि खाली रेघ मारली.

डिसेंबरच्या सुटीत मुलगी पर्थ अँबॉयमधल्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात शॅडोइंगला गेली. दंतवैद्यकाच्या अर्जात प्रत्यक्ष दवाखान्यात निरीक्षणासाठी घालवलेले तास दाखवावे लागतात, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके बरे. त्या गावात बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलणारे आहेत. तिसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा जेवायला बसण्याआधीच सांगू लागली. एक वयस्क बाई खुर्चीत बसलेली, दाढ दुखत होती, आणि ती कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे तिचा आठ-नऊ वर्षांचा नातू डॉक्टरांना इंग्रजीत सांगत होता. डॉक्टरांनी विचारले की दुखणे गरम पिताना वाढते की थंड पिताना. पोराने आजीला काहीतरी भलतेच विचारले आणि उत्तरही भलतेच आले. मुलीला ते लक्षात आले. तिने हळूच दुरुस्ती केली. ‘आई, गरम आणि थंड यावरून नस जिवंत आहे का ते कळतं, आणि तेच त्याला सांगता येत नव्हतं,’ ती म्हणाली. मेजरचा प्रश्न तिच्यापुरता त्या दिवशी सुटला असावा. माझा सुटायला फेब्रुवारी उजाडला.

त्याच डिसेंबरात जनरल केमिस्ट्रीत तिला सी हा मधला ग्रेड मिळाला. जानेवारीच्या बैठकीत सल्लागारांनी सांगितले की तो विषय पुन्हा घ्यावा, म्हणजे जुना ग्रेड पुसला जाईल. ही चूक साधी नव्हती. कितीतरी विद्यापीठे स्वतःच्या गुणपत्रिकेत पुन्हा घेतलेल्या विषयाचा नवा ग्रेड धरतात हे खरे. परंतु दंतवैद्यकाचे बहुतेक अर्ज ज्या ‘ॲडसास’ या केंद्रीय व्यवस्थेतून जातात, ती स्वतःची सरासरी नव्याने काढते आणि त्या विषयाचे सगळे प्रयत्न मोजते. म्हणजे पूर्ण सेमिस्टरमधली एक जागा, प्रयोगशाळेचे तास आणि शुल्क खर्चून जुना सी जिथल्या तिथे राहिला असता. आम्ही त्या सल्ल्यानुसार नोंदणीही केली होती. मुदतीत रद्द करता आली, हे आमचे नशीब.

ती रद्द केली ती प्री-हेल्थ कार्यालयातल्या अर्ध्या तासामुळे. भेटीसाठी तीन आठवडे थांबावे लागले, ही त्या कार्यालयाची मोठी उणीव मी आधीच नोंदवते. सेमिस्टरच्या सुरुवातीला तिथे इतकी गर्दी असते की ज्याला तातडीचे उत्तर हवे त्याचे काम होत नाही. पालकांना आत बसू देतात का, हेही मुलीच्या लेखी संमतीवर अवलंबून असते. आत गेल्यावर मात्र त्या ॲडव्हायझर बाईंनी संगणक बाजूला सरकवला, एक कोरा पिवळा कागद घेतला आणि पेन्सिलीने वर लिहिले: 120. पदवीला लागणारी एकूण क्रेडिट. त्याखाली त्यांनी बहुतेक दंतमहाविद्यालये जे विषय मागतात ते एकाखाली एक मांडले. प्रयोगशाळेसह बायॉलॉजी 8, जनरल केमिस्ट्री 8, ऑरगॅनिक केमिस्ट्री 8, फिजिक्स 8, इंग्रजी 6, बायोकेमिस्ट्री 3. बेरीज 41. कागदावर उरले 79. मुलीच्या विद्यापीठात स्पॅनिशच्या मेजरला 36 लागतात. ते वजा केल्यावर 43 उरले, आणि त्यात सर्वसाधारण शिक्षणाचे सक्तीचे विषय बसवूनही मायक्रोबायॉलॉजी, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र घ्यायला जागा राहते, हे त्यांनी आमच्यासमोर बसवून दाखवले. चौदाशे डॉलरच्या पॅकेजमधल्या तोवरच्या तीन बैठकांत हा हिशेब एकदाही मांडला गेला नव्हता.

मग त्यांनी जे सांगितले ते मी जवळजवळ शब्दशः लिहून आणले आहे. दंतमहाविद्यालये मेजर पाहत नाहीत असे नाही, पण ती मेजरची अट घालत नाहीत. अट असते ती विषयांची. अर्जाच्या व्यवस्थेत बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्स या विषयांची सरासरी एकूण सरासरीपासून वेगळी काढली जाते, आणि ती स्पॅनिशच्या विद्यार्थ्याची आणि बायॉलॉजीच्या विद्यार्थ्याची एकाच पद्धतीने निघते. त्यामुळे विज्ञानाबाबतचे गांभीर्य मेजरच्या नावातून दाखवावे लागत नाही. ते ऑरगॅनिकच्या ग्रेडमधून दिसते. सी मिळालेल्या जनरल केमिस्ट्रीबद्दल त्यांचे मत असे पडले की बहुतेक महाविद्यालये पूर्वअटीच्या विषयात किमान सी मागतात, म्हणून तो पुन्हा न घेता पुढच्या केमिस्ट्रीत वरचा ग्रेड आणावा. एपी क्रेडिटबद्दल त्यांनी स्पष्ट सावध केले: काही महाविद्यालये पूर्वअटीसाठी एपी मान्यच करत नाहीत, आणि काही त्याऐवजी वरच्या पातळीची बायॉलॉजी मागतात, तेव्हा ती बायॉलॉजी घेतलीच पाहिजे. आमच्या राज्यात दंतमहाविद्यालय एकच आहे, नेवार्कमधले रटगर्स विद्यापीठाचे, आणि राज्याच्या रहिवाशांना तिथे संधी अधिक असते; त्यामुळे निदान त्या एका महाविद्यालयाच्या पूर्वअटी आजच्या आज वाचून काढा, असे त्यांनी मुलीला बजावले.

आता सशुल्क सेवेच्या बाजूचे जे चांगले आहे तेही सांगते, कारण ऑक्टोबरची बैठक खरोखर उपयोगी पडली. डॅट या प्रवेश परीक्षेचे वेळापत्रक त्यांनी फार नेमकेपणाने समजावले. या परीक्षेत बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री असते, पण फिजिक्स नसते. तरीही बहुतेक महाविद्यालये फिजिक्स मागतात. म्हणून फिजिक्स तिसऱ्या वर्षापर्यंत ढकलता येते, ऑरगॅनिक मात्र दुसऱ्या वर्षी संपवलेच पाहिजे. तिसरे वर्ष संपल्यावर जूनच्या सुरुवातीला अर्ज जातो, त्याआधी डॅट देऊन झालेली असावी. विषयांचा हा क्रम समजल्याशिवाय मेजर ठरवणे व्यर्थ आहे, आणि तो क्रम मला तिथे समजला.

परीक्षेतला जो भाग मुलांना सर्वांत अनोळखी वाटतो, तो आकृतीबुद्धीचा, तोही त्यांनी चांगला करून घेतला. साठ मिनिटांत 90 प्रश्न: कोनांची लहान-मोठी क्रमवारी, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडले तर उलगडल्यावर भोके कुठे दिसतील, घनांची मोजणी, एखादी वस्तू कोणत्या छिद्रातून आरपार जाईल. सल्लागारांनी कॅमेऱ्यासमोर खरोखरीचा कागद चार वेळा दुमडून पेन्सिलीने भोक पाडले आणि मुलीला आधी उत्तर सांगायला लावले. मी स्वयंपाकघरातून पाहत होते आणि माझेही उत्तर चुकले. हे कौशल्य कोणत्याही मेजरमधून आपोआप येत नाही, सरावानेच येते, असे ते तेव्हा स्वतःच म्हणाले होते. शॅडोइंगच्या नोंदींसाठी तारीख, तास, पाहिलेली प्रक्रिया आणि त्या दिवशी काय उमगले असे चार रकाने त्यांनी आखून दिले. ती वही मुलगी आजही भरते, आणि त्या आजीची नोंद तीत आहे.

म्हणून माझे मत असे बनले आहे की ही सेवा परीक्षेच्या आणि अर्जाच्या तयारीसाठी बरी आहे, पण मेजर ठरवण्यासाठी तिचा उपयोग करू नये. त्यांचा नमुना ठरलेला असतो. बायॉलॉजीचा विद्यार्थी असला की विषयांची यादी, वेळापत्रक आणि अर्जातले निवेदन सगळे तयार साच्यात बसते. दुसरा मेजर आला की प्रत्येक मुलासाठी नवा हिशेब मांडावा लागतो. शिवाय एखाद्या विद्यापीठात कोणता विषय कोणत्या सेमिस्टरला शिकवतात आणि कोणत्या दोन विषयांच्या प्रयोगशाळा एकाच वेळी येतात, हे बाहेरच्या माणसाला माहीत असण्याचे कारण नाही.

यावरून बायॉलॉजी घेऊ नये असा अर्थ कुणी काढू नये. ज्या मुलाला पेशी, ऊती आणि शरीररचना यांत खरोखर रस आहे, त्याच्यासाठी तो सोयीचा मेजर आहे, कारण पूर्वअटीचे बरेच विषय त्यातच येतात आणि वेळापत्रक सोपे होते. ज्याचे पहिल्या वर्षी विज्ञानाचे ग्रेड घसरले आहेत, त्यालाही वरच्या पातळीचे अधिक विषय घेऊन सरासरी सावरायला तिथे वाव मिळतो. माझ्या मुलीला आणखी एखादा सी मिळाला असता तर कदाचित ॲडव्हायझर बाईंनीही वेगळे सुचवले असते. पण आवड नसताना केवळ योग्य दिसते म्हणून तो घेतला आणि ग्रेडची सरासरी चारपैकी तीनच्या आसपास रेंगाळली, तर मेजरचे नाव त्या आकड्याला वाचवत नाही. आणखी एक गोष्ट पालक म्हणून मी मनाशी धरली: दंतवैद्यकाला प्रवेश मिळालाच नाही, किंवा तिसऱ्या वर्षी मुलीचे मनच बदलले, तरी हातात जी पदवी राहील ती तिला हवीशी असली पाहिजे.

पाचपैकी गुण द्यायचे तर डॅट आणि शॅडोइंगच्या मार्गदर्शनाला मी चार देईन आणि मेजरच्या सल्ल्याला एक. पैसे भरण्याआधी मी जे विचारायला हवे होते ते आता विचारते: पुन्हा घेतलेल्या विषयाचे ग्रेड केंद्रीय अर्जात कसे मोजतात, आणि विज्ञानाबाहेरच्या मेजरचा चार वर्षांचा आराखडा तुम्ही आखून द्याल का. मार्चमधल्या चौथ्या बैठकीत हे दोन्ही प्रश्न मी ठेवले. पहिल्याबाबत सल्लागारांनी चूक मान्य केली आणि दुसऱ्याबाबत तुमच्या विद्यापीठाच्या कार्यालयात विचारा असे सांगितले. उरलेल्या दोन बैठका आम्ही तिसऱ्या वर्षातल्या मुलाखतीच्या सरावासाठी राखून ठेवल्या आहेत, आणि त्याला त्यांनी लेखी होकार दिला आहे. मुलीने एप्रिलमध्ये मेजरचा अर्ज भरला. येत्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि स्पॅनिशचे दोन विषय आहेत, आणि तो पिवळा कागद तिने टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आहे.