फर्नांडा मोंतेनेग्रो पाहायची तर आधी ‘सेंट्रल स्टेशन’

१९२९ साली रिओत जन्मलेल्या या ब्राझिलियन अभिनेत्रीने नाटक आणि टीव्ही मालिका गाजवल्या, पण ओळख करून घ्यायला १९९८चा हाच चित्रपट घ्या. रिओच्या स्टेशनवर निरक्षरांची पत्रं लिहून देणारी डोरा पैसे घेते आणि बरीचशी पत्रं टाकतच नाही. ही लबाडी मोंतेनेग्रो कुठेही गोड करत नाहीत. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार, रौप्य अस्वल, मिळाला, ऑस्कर नामांकनही. शेवटाकडे पार्श्वसंगीत जरा जास्तच रडवतं. पोर्तुगीज आवाज आणि सबटायटल्सच निवडा. डबिंगमध्ये डोराचा खरखरीत तिरकसपणा जातो. मग ‘आय ॲम स्टिल हिअर’ पाहा: मुख्य भूमिका त्यांच्या मुलीची, फर्नांडा टोरेसची; त्या स्वतः अगदी शेवटी येतात, जवळजवळ निःशब्द.