पट्टा, मॅट आणि चित्रवही: लेकराच्या आईनं तालुक्याहून काय आणावं, काय आणू नये

अंगावर पिणारं किंवा नुकतंच रांगायला लागलेलं लेकरू घरात असेल, तर व्यायामाची असो की रंगकामाची, कोणतीही वस्तू घेण्याआधी एक गोष्ट बघा. लेकरू रडलं तर ती आहे तिथे टाकून उठता येतं का? अर्ध्या तासानं परत आल्यावर ती वाळलेली, सांडलेली किंवा कुणाच्या पायावर पडलेली तर नसेल ना? विदर्भातल्या खेड्यात दुसरी परीक्षा उन्हाची असते. टिनाच्या छपराखाली मे महिना जे काढू शकत नाही, ते स्वस्त मिळालं तरी महागच पडतं. या दोन गोष्टी धरून तालुक्याच्या बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या सामानाबद्दल लिहितो आहोत. सगळं मिळून खर्च हजार-बाराशेच्या आत बसतो.

सगळ्यात उपयोगाची वस्तू म्हणजे व्यायामाचा रबरी पट्टा. दुकानात तीन प्रकार दिसतात: सपाट लांब पट्टा, छोटी गोल कडी आणि दोन्ही टोकांना मुठी असलेली नळी. सपाट पट्टाच घ्या, दीड मीटर लांब आणि वीतभराहून थोडा कमी रुंद. गोल कडी मांडीवर चढवावी लागते. साडीवर किंवा गाऊनवर ती बसत नाही आणि घामानं गुंडाळत वर सरकते. मुठीची नळी जिथे मुठीला जोडलेली असते तिथेच तुटते, आणि तुटली की टोक थेट तोंडावर येतं. सपाट पट्टा मात्र साडी, गाऊन, सलवार कशावरही चालतो. आखूड धरला की जड होतो, लांब धरला की हलका, त्यामुळे पाच रंगांचा अख्खा सेट घ्यायची गरज नाही. रंगावरून ताकद ठरवू नका. एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या लालपेक्षा फार कडक असू शकतो. सुरुवातीला हलका किंवा मध्यम, एवढंच सांगून मागा.

दुकानात पट्टा उजेडासमोर धरून थोडा ताणा. पांढरट रेघ, सुईच्या टोकाएवढं भोक किंवा काठाला बारीकशी कापलेली जागा दिसली तर घेऊ नका. पट्टा फाटायला बहुधा काठावरून सुरुवात होते. घरी आल्यावर हा काठ कापणाऱ्या वस्तू तर अंगावरच असतात. पायाला पट्टा अडकवताना जोडव्याच्या कडेला तो घासतो. मुठीत गुंडाळताना काचेची बांगडी किंवा अंगठीचा खडा लागतो. म्हणून पट्टा बोटांपाशी न ठेवता तळपायाच्या खोलगट भागात घ्या, किंवा मोजे घाला. बांगड्या कोपराकडे सरकवून वरून रुमाल बांधा. खिडकीच्या गजाला पट्टा बांधायचा असेल तर गजाला आधी जुन्या धोतराचा जाड तुकडा गुंडाळा, कारण गंजलेल्या लोखंडाची कड रबर सहज कापते. ओढताना मूळ लांबीच्या दुप्पट-अडीचपटीच्या पुढे जाऊ नका.

दुसरा शत्रू तेल. बाळंतिणीच्या घरात मालिशीचं तेल सदा हाताला लागलेलं असतं, आणि तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि कमजोर होतं. हात साबणानं धुऊन, पुसून मगच पट्टा धरा. पट्टा चिकट लागायला लागला तर साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा आणि वरून थोडी टाल्कम पावडर लावा. उन्हात वाळत घातलेला पट्टा आधी चिकट होतो, मग कडक होतो, मग तडकतो. ठेवायची जागा म्हणजे खाटेखालची लोखंडी पेटी, कडी लावून. खुंटीवर नको, कारण वर टिन तापतं, आणि खाली लोंबणारं टोक लेकराच्या हाती लागतं. पट्टा लेकराच्या गळ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो, म्हणून कडी लावणं अजिबात विसरायचं नाही.

या पट्ट्यावरचा पहिला व्यायाम पाठीचा असावा. दूध पाजताना, लेकरू कडेवर घेताना आणि वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून वाकताना खांदे सारखे पुढे येतात. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असं घरात म्हटलं जातं. पण वेचणीत शरीर एकाच बाजूला, पुढेच वाकत राहतं. मागे ओढणारे स्नायू त्यात बळकट होत नाहीत, नुसते ताणले जातात. जमिनीवर पाय लांब करून बसा. पट्ट्याचा मधला भाग तळपायांना लावून प्रत्येक पायाला एक-एक वेढा द्या. वेढा दिला नाही तर पट्टा निसटून तोंडावर येतो. कणा ताठ ठेवून कोपरं बरगडीला घासत मागे ओढा, दोन अंक मोजा, हळूच सोडा. असं 10 ते 12 वेळा, मध्ये एक मिनिट थांबून पुन्हा एकदा. शेवटचे दोन ओढे जड जायला हवेत. जात नसतील तर पट्टा आखूड धरा. मधेच उठावं लागलं तरी काही बिघडत नाही, उरलेले ओढे संध्याकाळी होतात.

पायांसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. ओसरीची सहा-आठ इंची पायरी आणि भिंतीला टेकवलेली खाट पुरते. पायरीवर एक पाय पूर्ण टेकवून चढा, दुसऱ्या पायानं जमिनीवरून ढकलू नका, म्हणजे टोंगळ्याला (गुडघ्याला) आणि मांडीला खरं काम मिळतं. वजन हवंच असेल तर एक लिटरची बाटली पाणी भरून एक किलोची होते, कोरडी रेती ठासून भरली तर साधारण दीड किलोची. दुकानातले डंबेल आमच्या मते घेऊच नयेत. लेकरू रांगत असलेल्या घरात जमिनीवर लोखंड पडलेलं असणं धोक्याचं आहे.

सुरुवात कधी करायची, हे मात्र वस्तू ठरवत नाही. साधी प्रसूती असेल तर हळू चालणं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं काही दिवसांतच सुरू करता येतं. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात तेच आवळायचे, पाच सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास धरायचा नाही, आणि प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. सिझेरियन असेल तर पट्ट्याला हात लावण्याआधी सहा ते आठ आठवडे थांबा आणि डॉक्टरांना विचारा. बाळाला बघायला आशाताई 42 व्या दिवशी घरी येतात, तेव्हा त्यांच्याकडूनही तपासणीची वेळ ठरवून घेता येते.

पोटाचे स्नायू मधोमध फाकले आहेत का, ते घरीच बघता येतं. उताणं झोपून टोंगळे वाकवा, डोकं जरासं उचला, बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी दाबून बघा. दोनहून जास्त बोटं आत जात असतील तर उताणं झोपून धड वर उचलणारे (सिट-अपसारखे) आणि पोट पुढे फुगवणारे व्यायाम नकोत, फिजिओथेरपिस्टला दाखवा. रक्तस्राव वाढला, चक्कर आली, लघवी गळाली किंवा टाक्यांत दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबा.

खाण्याचंही सांगायलाच हवं, कारण उपाशीपोटी पट्टा ओढणं आपल्याकडे फार होतं. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज 600 कॅलरी जास्त लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे, पुढच्या सहा महिन्यांत 520. मध्यम व्यायामानं दूध आटत नाही. फक्त आधी पाजून घ्या, म्हणजे छाती जड वाटत नाही आणि लेकरूही थोडा वेळ शांत राहतं. लोहाची लाल गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायची असते, आणि ती चहासोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. अंगात रक्त कमी असेल तर दम व्यायामाच्या आधीच लागतो. अशा वेळी पट्टा बाजूला ठेवा आणि आधी हिमोग्लोबिन तपासा.

मॅटबद्दल थोडक्यात. शहाबादी फरशी असेल तर 6 मिलिमीटरची मॅट घ्या, त्यावर टोंगळे टेकता येतात. 4 मिलिमीटरच्या मॅटमधून फरशी टोचते. फरशीवर सतरंजी घसरते, ती वापरू नका. शेणानं सारवलेली जमीन असेल तर उलट करा: मॅटला धूळ चिकटून ती दोन महिन्यांत गुळगुळीत होते, तिथे जाड सतरंजीच बरी. नव्या मॅटला उग्र वास येतो, म्हणून ती दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवा आणि तोवर लेकराला तिच्यावर झोपवू नका.

आता चित्रवही. दिवस कसा गेला ते रंगात, रेघेत, चिकटवलेल्या कागदात मांडायची ही वही. पन्नास मिनिटं मोकळी मिळाली तरच काढायचं, असं ठरवलं तर ती कपाटातच राहील. म्हणून वहीसुद्धा मधेच सोडता येण्यासारखी हवी.

शाळेच्या वहीचा कागद साधारण 50 ते 70 जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. त्यावर ओला रंग लावला की पान सुरकुततं आणि मागे डाग उतरतो. तीच वही वापरायची असेल तर दोन-दोन पानं पातळ फेव्हिकॉलनं एकमेकांना चिकटवा आणि वर जड पुस्तक ठेवून रात्रभर दाबा. मैद्याच्या खळीनं स्वस्तात काम होतं, पण खळीला झुरळं आणि वाळवी लागते. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण मोरचूद विषारी असतं, लेकराच्या घरात ते आणूच नका. तारेची स्पायरल वहीसुद्धा टाळा. तारेचं टोक सुटतं आणि ते लेकराच्या बोटात जातं.

त्याहून सरस म्हणजे घरी शिवलेली वही. स्टेशनरीच्या दुकानात 22 बाय 30 इंची कार्ट्रेज शीट (चित्रकलेचा जाड कागद) मिळतं, 140 जीएसएमच्या आसपासचं मागा. त्याला तीन घड्या घातल्या की आठ पानं होतात, म्हणजे सोळा पृष्ठं, साडेसात बाय अकरा इंचांची. मधली घडी सोडून बाकी घड्यांच्या कडा सुरीनं कापा. मधल्या घडीत तीन भोकं पाडा, एक मधोमध आणि दोन टोकांपासून दीड-दीड इंचावर. गोधडी शिवायचा दोरा मेणावरून ओढून घ्या. मधल्या भोकातून आत जाऊन वरच्या भोकातून बाहेर, मग थेट खालच्या भोकातून आत, पुन्हा मधल्या भोकातून बाहेर, आणि गाठ. ही वही सपाट उघडते, मांडीवरही राहते. सोळा पृष्ठांत सात जोडपानं मिळतात, म्हणजे सात आठवडे. बिघडली तर वाईट वाटत नाही, भरली की दुसरी शिवावी.

प्रत्येक जोडपानाच्या डाव्या बाजूला आठवड्याचे सात रकाने आखा आणि खाली चालणं, पट्टा आणि तळाचे स्नायू अशा तीन ओळी ठेवा. पूर्ण झालं तर गोल पूर्ण रंगवा, लेकरू उठल्यामुळे अर्ध्यात सोडलं तर अर्धा. अर्धा गोलही मोजायचाच. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतरच्या बायकांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल सांगते, आणि ती दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनी भरली तरी चालते. उजवं पान चित्राचं. त्या आठवड्याचा रंग, पिकाची अवस्था, लेकराचं उमटवलेलं बोट, जे सुचेल ते.

रंगांमध्ये आमची पहिली पसंती वॉटर कलरच्या वड्यांना. ब्रश ओला केला की सुरू, सोडून उठलात तर वडी वाळते, इतकंच. परत पाणी लावलं की रंग सुटतो. पोस्टर कलर दुसऱ्या क्रमांकावर. तो झाकतो चांगला, पण जाड लावला तर वाळल्यावर तडकून पापुद्रे पडतात. चमचाभर रंगात फेव्हिकॉलचे दोन-तीन थेंब घातले तर धरून राहतो. उन्हाळ्यात बाटली आटते, आठवड्याला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण घट्ट लावा.

अ‍ॅक्रेलिक इथे घेऊ नका. ब्रश धुवायला उशीर झाला की तो कायमचा जातो, आणि मिटलेल्या वहीत समोरासमोरची रंगवलेली पानं विदर्भाच्या उकाड्यात एकमेकांना चिकटतात. सोडवायला गेलं की कागद फाटतो. घेतलाच असेल तर मधे बटर पेपर घाला आणि वही दाबून ठेवू नका. मेणाचे खडूही मे महिन्यात टिनाखाली मऊ पडतात. लिहायला साधं बॉलपेन घ्या, त्याच्या शाईवर पाणी लागलं तरी ती फुटत नाही. जेल पेन आणि स्केच पेन बहुधा फुटतात. शिवाय स्केच पेनचं टोपण लेकराच्या घशात अडकण्याइतकं लहान असतं.

चिकटवायला जुन्या लग्नपत्रिका उत्तम, जाड कागद आणि सोनेरी छपाई. दिनदर्शिकेची पानं, गोधडीचे उरलेले दोरे, हेही चालतं. बियाण्याची रिकामी पाकिटं रंगीत असतात म्हणून मोह होतो, पण कपाशीचं बियाणं कीटकनाशक लावून येतं आणि ती पूड पाकिटाच्या आत चिकटलेली असते. ती घरात आणू नका, लेकराच्या हाती तर मुळीच नको. फुलांचा रंग हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चमधली पळसाची फुलं उकळून, गाळून त्यात चिमूटभर तुरटी घाला. पिवळा-केशरी रंग निघतो. उजेडात तो फिका पडतो, म्हणून हा रंग लावलेलं पान भिंतीवर लावू नका, मिटलेल्या वहीतच ठेवा.