सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट: कन्सल्टंट की कॉलेजसोबतचा अभ्यास?

इमारत तिशी ओलांडली की दर 3 वर्षांनी ऑडिट, हे उपविधींत आहेच. प्रश्न एवढाच की ते करायचं कोणाकडून. आमच्या वाशीच्या सोसायटीने आधी कन्सल्टंट नेमला आणि पुढच्या खेपेला एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल विभागासोबत, रहिवाशांना सामील करून घेऊन, अभ्यास केला.

कन्सल्टंटचा वेग वादातीत. महापालिकेची नोटीस हातात असेल तर पॅनेलवरच्या इंजिनिअरचा सही-शिक्का लागतोच; तिथे दुसरा विचार नको. कॉलेजचं सगळं सेमिस्टरच्या कलाने चालतं. परीक्षा लागल्या की आपला स्लॅब गेला खुंटीवर.

मला खटकलं ते वेगळंच. कन्सल्टंटच्या माणसांनी रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून किती उसळी येते त्यावरून ताकदीचा अंदाज देणारं हत्यार) मारला तो बहुतेक स्टिल्टमधल्या, म्हणजे खालच्या पार्किंगच्या, कॉलमवर. हात पोचतो, कोणाची बेल वाजवावी लागत नाही! आमचं दुखणं मात्र वरच्या मजल्यांवर, संडास-बाथरूमच्या डक्टला लागून: बीमखालचं प्लास्टर फुगलेलं, आत सळया गंजलेल्या. अहवालात आकडे भरपूर, पण कुठला आकडा कुठल्या जागेचा याचा पत्ता नाही. विचारलं तर ‘ते टेक्निकल आहे’. मुळात हॅमरवरून काढलेल्या ताकदीत 25 टक्के मागेपुढे होऊ शकतं, हे 1992 च्या आयएस 13311 या भारतीय मानकातच लिहिलंय. त्यात जागाही माहीत नाही, मग त्या आकड्याचं करायचं काय?

कॉलेजवाल्यांनी सुरुवातच घरोघरच्या प्रश्नावलीने केली. ओल पावसात दिसते की बारमाही? बारमाही असेल तर संशय बहुधा प्लंबिंगवर, फक्त पावसात असेल तर गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर वरच्यांनी बाथरूमच्या टाइल्स कधी बदलल्या तेही सांगून टाकलं. मग नेमक्या त्याच जागी काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फथॅलीन फवारलं, म्हणजे अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन. आतला भाग गुलाबी झाला, बाहेरचा बिनरंगीच राहिला. तो बिनरंगी थर म्हणजे कार्बोनेशन: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म जातो आणि सळईचं गंजापासूनचं संरक्षणही. आमची सळई त्याच थरात होती. हे काकूंसकट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दुरुस्ती फंडावरून होणारी नेहमीची खडाजंगी त्या सभेत झाली नाही.

वापरात आलेल्या इमारती प्रत्यक्षात कशा चालतात हे तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘प्रोब’ अभ्यासांतही (1995 ते 2002) मोजमापांच्या जोडीला इमारत वापरणाऱ्यांची प्रश्नावली होतीच. आपल्याकडे रहिवासी म्हणजे फक्त दार उघडणारा माणूस.

चांगले कन्सल्टंट असतीलही, माझा अनुभव एकाचाच. त्यांच्याकडेच जाणार असाल तर वर्क ऑर्डरमध्ये दोन गोष्टी घालून घ्या: प्रत्येक रीडिंगची जागा नकाशावर, आणि डक्टची पाहणी रविवारी, माणसं घरी असताना. घाई नसेल तर मात्र मी कॉलेजकडेच बोट दाखवीन. पत्र एप्रिलमध्येच द्या. नवं सेमिस्टर पावसाळ्यात लागतं आणि ओलही तेव्हाच खरी दिसते.