एलईडी दिवे : शिलाईकाम करणाऱ्या बाईच्या नजरेतून

मी अमळनेरला घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. घरातले पिवळे गोळे, सीएफएल, चोकवाल्या ट्यूबा असं सगळं हळूहळू काढलं आणि एलईडी बसवले. माझं मत आधीच सांगून टाकते. जरूर बसवा, पण नुसते वॅट आणि किंमत बघून बल्ब उचलू नका. डोळ्यांचं काम करणाऱ्या घरात तर नकोच.

बिलाचं आधी सांगते, कारण सगळ्या बाया तेच विचारतात. 60 वॅटचा गोळा रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिट खातो. 9 वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात दीड युनिटसुद्धा घेत नाही आणि उजेड गोळ्यापेक्षा कमी पडत नाही. महावितरणच्या बिलात 100 युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे त्या रेषेच्या आत राहिलं तर फरक चांगला जाणवतो. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की मात्र दिव्यांची बचत बिलात शोधून सापडत नाही, हेही खरं.

मला बिलापेक्षा मोठा फायदा झाला तो उष्णतेचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. त्यात मशीनवर वाकून बसायचं आणि डोक्याशी गोळा तापलेला. घाम टपकून रेशमी कापडावर डाग पडायची भीती. गोळ्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो. एलईडीचं बूड गरम होतं, पण तोंडावर झळ येत नाही. मशीनच्या सुईजवळचा छोटा दिवाही मी एलईडीचा करून घेतला. आता भर दुपारीही काम उरकतं.

आता रंगाचं, म्हणजे माझ्या पोटापाण्याचं. स्वस्तातल्या पांढऱ्याफेक एलईडीखाली मरून आणि चॉकलेटी रीळ शेजारी ठेवलं तर सारखंच दिसतं. रात्री जुळवलेला धागा सकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर नेला की वेगळा निघतो. कारण असं की पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड काढतात. त्यात गडद लाल कमी पडतो. गोळ्यात ही अडचण नव्हती. यावर उपाय आहे. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. साध्या बल्बला 80 च्या आसपास असतो, 90 च्या वरचा मागून घ्यावा लागतो आणि महाग पडतो. मी तो फक्त मशीनवर लावला. उजेडाचा रंग 4000 केल्विनचा, ना निळसर ना पिवळा. पैठणीच्या काठाचे रंगही आता रात्री ओळखू येतात. बाकी खोल्यांना साधा 9 वॅटचा पुरतो.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. हलक्या बल्बचा उजेड डोळ्यांना स्थिर वाटतो, पण मशीन जोरात चालवली की चाक थबकल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं. त्या उजेडात बसून माझं डोकं दुखायचं. दुकानातच बल्ब लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब परत ठेवा.

अमळनेरकरांचा जीव विप्रोवर. 1945 साली ती कंपनी इथेच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून उभी राहिली, गावातल्या कितीतरी घरांत तिचे शेअर आहेत, आणि आज विप्रोच्या नावाने दिवेही मिळतात. माझ्या बैठकीत त्याच नावाचा आहे, छान चाललाय. 2015 साली स्वस्त एलईडीची सरकारी उजाला योजना आली, पुढे त्यात 9 वॅटचा बल्ब 70 रुपयांना मिळायचा. खरं तर तेव्हाच आमच्या गल्लीत घरोघरी एलईडी शिरला.

सासूबाई आधी तयार नव्हत्या. म्हणायच्या, पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं वाटतं. त्यांची खोली जुनी, जाड भिंतींची, वर मातीचं धाबं, दिवसाही अंधारच. तिथे 12 वॅटचा बसवला. एकदा दादर ज्वारी निवडत बसल्या होत्या, सुपातून मान वर करून म्हणाल्या, "आते खडा दिसस!" त्यानंतर विषय संपला.

माहेरी, चोपडा तालुक्यात, संध्याकाळी व्होल्टेज पडतं. ट्यूब नुसती फडफडायची, लागायची नाही. एलईडी तिथे निवांत जळतो. पण गेलेली लाइट परत येताना जो झटका बसतो त्याने बिननावाचे बल्ब पटापट उडाले. म्हणून 100 ते 300 व्होल्ट लिहिलेला आणि 4 केव्हीपर्यंतचा, म्हणजे 4000 व्होल्टपर्यंतचा झटका सोसणारा बल्ब घ्या. काचेच्या बंद झाकणात तर लावूच नका. आत गरमी कोंडते आणि बल्बमधला सर्किटचा भाग लवकर जातो. बटन बंद करूनही बल्ब मंद जळत राहिला तर भुताटकी नाही, बहुतेकदा वायरिंग उलटं असतं: बटनातून फेजऐवजी न्यूट्रल गेलेला असतो. आमच्याकडे वायरमनने ते वायरिंग सरळ करून दिलं.

दुकानदाराकडून बल्बच्या बुडावर मार्करने तारीख टाकून घ्या. बहुतेक कंपन्या दोन वर्षांची गॅरंटी देतात, आणि तारीख असली की दुकानदारही कुरकुर न करता बदलून देतो. काढलेले सीएफएल मात्र घरात फोडू नका, त्यात पारा असतो.

आता फक्त ओट्यावरचा दिवा राहिलाय. पावसाळ्यात तिथल्या पांढऱ्या सीएफएलभोवती किड्यांचा थर जमतो. पिवळसर उजेडावर किडे कमी येतात, म्हणून कानबाईच्या सणाआधी 3000 केल्विनचा लावणार आहे. 5 वॅटचा पुरे, तिथे काही रीळ जुळवायचं नाही.