नागरी समाजशास्त्राच्या नोट्स: १८० रुपयांचं स्पायरल

नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. रोज कॉलेजात जाणाऱ्यांना कुणाची ना कुणाची वही मिळते. आपला गुरू झेरॉक्सवाला.

पेपरला अकरा दिवस उरले होते. ऑफिसजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून हे स्पायरल उचललं. संगणकावर टाइप केलेलं, दोनशेच्या आसपास पानं, निळं प्लास्टिकचं कव्हर. डोंबिवली ते सीएसएमटी जाता-येता, बहुतेक वेळा चौथ्या सीटवर अर्धी टेकून, मी ते दोनदा वाचून काढलं.

आधी चांगलं सांगते. व्याख्या नेटक्या आहेत. शहरी जीवनावर लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञ लुई वर्थचे आकार, घनता आणि विजातीयता (तऱ्हेतऱ्हेची माणसं) हे तीन मुद्दे एका पानात बसवलेत, तेही पाठ होतील असे. शहर कसं वाढतं याच्या मांडण्याही आहेत: बर्जेसची मध्यापासून बाहेर पसरणारी पाच वर्तुळं, हॉइटचे वृत्तखंड (वाहतुकीच्या रस्त्यांलगत वाढणाऱ्या पट्ट्या), हॅरिस आणि उलमनची बहुकेंद्री मांडणी, सगळ्यांच्या आकृत्या स्वच्छ. दहा मार्कांची टीप यावर निघते.

पण वर्थच्या निबंधाचं साल १९८३ छापलंय. ते १९३८. नशीब, विद्यापीठाच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं. जनगणनेतली शहराची व्याख्याही अर्धीच आहे. पाच हजार लोकसंख्या, चौ. किमी.ला ४०० ची घनता आणि ७५ टक्के लोक बिगरशेती कामात, असं लिहिलंय. मुळात ते ७५ टक्के 'काम करणाऱ्या पुरुषांपैकी' आहेत. तो एक शब्द गाळला की प्रश्नातला सगळा रस जातो. माझी आई वीस वर्षं घरी पापड लाटून विकतेय. गाव शहर झालं की नाही हे ठरवताना तिचं काम मोजतच नाहीत.

खरा राग उदाहरणांचा. सगळीकडे शिकागो. अहो, आपल्या मुंबईत फोर्ट हा मुख्य व्यापारी भाग, तोच बेटाच्या दक्षिण टोकाला. तिथे कंपास टेकवून वर्तुळं काढली तर निम्मी समुद्रात जातात. उरतात त्या रुळांच्या कडेने उत्तरेला पसरलेल्या पट्ट्या, म्हणजे बर्जेसपेक्षा हॉइट जवळचा. आणि बर्जेसचं शेवटचं वर्तुळ रोज ये-जा करणाऱ्या सुखवस्तू लोकांचं. डोंबिवलीकरांनी हसावं की रडावं? गिरणगावावर तर एक परिच्छेदही नाही. १९८२ चा संप नाही, गिरण्यांच्या जमिनींवरचे टॉवर नाहीत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ सिमेलवर दोनच पानं आहेत: शहरी माणूस इतक्या गोष्टींच्या माऱ्याने बधिर होतो, वगैरे. ती पानं वाचत होते तेव्हा समोरची बाई मेथी निवडत होती आणि शेजारची नवरात्रातला उद्याचा रंग विचारत होती. आमच्या डब्यात हळदीकुंकूही होतं. शहरातली नाती वरवरची होतात म्हणणारा वर्थ पेपरात आलाच, तेव्हा त्याच्या उलट हेच उदाहरण टाकलं. किती मार्क मिळतात बघू.

घ्यायचं का? घ्या, पण आकृत्या आणि व्याख्यांसाठी. सालं एकदा ताडून बघा आणि उदाहरणं आपल्या गल्लीतली घाला. ३५० रुपयांचा 'सुपर संच' मात्र घेऊ नका. चाळून पाहिला, याच मजकुरात मागच्या प्रश्नपत्रिका जोडल्यात.

काउंटरवरचे काका भला माणूस. १९८३ ची चूक दाखवली तर लगेच बॉलपेन काढून माझ्यासमोर दुरुस्त केली. समोरच्या एका प्रतीत. मागचा गठ्ठा तसाच होता.