१९ इंची जुन्या मॉनिटरला एलईडी बॅकलाइट किट : आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये एका सकाळी मॉनिटर लावला, दोन सेकंद पडदा गुलाबीसर उजळला आणि काळा झाला. टॉर्च तिरका धरला तर आत डेस्कटॉप अंधुक दिसत होता. म्हणजे पॅनेल शाबूत, मागचे दिवे गेलेले. जुना एलसीडी वापरणाऱ्यांना हे लक्षण पाठ असेल. सीसीएफएल नळ्या, म्हणजे पडद्यामागच्या बारीक ट्यूबलाइट, थकल्या की लालसर पडतात, मग एखादी पेटेनाशी होते आणि इन्व्हर्टर, म्हणजे नळ्यांना वीज देणारं आतलं सर्किट, सगळंच बंद करतो.

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने मागचं झाकणही न उघडता सांगितलं, "मॅडम, याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या." आणि तपासणीचे ३०० रुपये घेतले. तपासलं काय, तर मॉडेल नंबर. हा राग अजून गेलेला नाही. मी पुस्तकांची प्रुफं वाचते. १२८० बाय १०२४ च्या या पडद्यावर डेमी, म्हणजे पुस्तकाच्या नेहमीच्या आकाराचं, पान खऱ्या आकारात अख्खं मावतं, वर मेनूला जागा उरते. दुकानात गेलं की रुंद पडदेच दाखवतात, त्यावर तेच पान बारीक करून वाचावं लागतं किंवा सारखं वर-खाली सरकवावं लागतं. चालू पॅनेल भंगारात द्यायला माझा हात धजावला नाही.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत नळ्यांच्या जागी एलईडी बसवायचं किट ३५० रुपयांना मिळालं : एलईडींच्या दोन पट्ट्या, त्यांना वीज पुरवणारा एक छोटा ड्रायव्हर, चार वायरी. पट्टी ५४ सेंटिमीटरची, मला साडेसदतीस हवी होती. दर तीन एलईडींनंतर कापायची खूण असते, तिथेच कापायची. पॉवर बोर्डवरचा मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट धरून बसलेला असतो, तेव्हा प्लग काढून थांबा आणि मल्टीमीटरने शून्य दिसल्याशिवाय बोट लावू नका. जुन्या नळ्या अलगद सरकवून काढा, आत पारा असतो. इन्व्हर्टरचा फ्यूज काढला आणि ड्रायव्हरची प्लस वायर त्या फ्यूजच्या पॉवरकडच्या टोकाला जोडली. तिथे १४.५ व्होल्ट होते, ड्रायव्हरवर १० ते ३० छापलंय. चालू-बंदची वायर आणि डिमची, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची, वायर मेनबोर्डवरून येणाऱ्या जुन्या जागी.

पहिल्याच फटक्यात उजेड आला. पांढरा, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा. त्या संध्याकाळी मी अर्धा तास नुसती पानं उघडून बघत बसले होते. वीजही वाचली : प्लगला लावायच्या मीटरवर आधी ३६ वॉट दिसायचे, आता १७-१८. दिवसाला दहा तास वापर धरला तर साडेपाच दिवसांत एक युनिट. रंग निळसर वाटला, तो मेनूतून निळा ७८ वर आणून बराचसा मार्गी लागला.

एका मैत्रिणीला तेव्हा मी सांगितलं होतं, "डोळे झाकून लाव." ते शब्द मी परत घेते.

महिन्याभराने संध्याकाळी डोकं धरायला लागलं. आधी चष्म्याचा नंबर तपासला, तो तोच होता. मग एका रात्री हातातली पेन्सिल सहज पडद्यासमोर हलली आणि एकीच्या सात-आठ पेन्सिली दिसल्या, सुट्या सुट्या, पंख्याच्या पात्यांसारख्या. ब्राइटनेस १०० केला तर एकच सलग पट्टा. ३० वर आणला की पुन्हा सात-आठ.

दोष डिमच्या वायरीत होता. ब्राइटनेस कमी करायचा म्हणजे मेनबोर्ड त्या वायरीवरून दिव्यांची सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतो. नळीच्या आतल्या चमकणाऱ्या लेपाचा, फॉस्फरचा, उजेड थोडा मागे रेंगाळायचा, त्यामुळे ती उघडझाप बोथट व्हायची. एलईडी त्याच क्षणी विझतो. रात्री कमी उजेडात वाचणाऱ्याला हीच एक वायर छळते, आणि किटच्या कागदावर तिच्याबद्दल एक ओळ आहे : "ब्राइटनेस". दुकानदारानेही चकार शब्द काढला नाही.

उपाय २० रुपयांत झाला. डिमची वायर मेनबोर्डवरून सोडवली. १० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायची खुंटी, घेतला : एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, मधला पाय ड्रायव्हरच्या डिमला. माझ्या ड्रायव्हरने सरळ व्होल्टेज मानलं. सगळेच मानतील असं नाही, म्हणून आधी तात्पुरतं जोडून पेन्सिल हलवून बघा, मगच सोल्डर करा. मेनूतला ब्राइटनेस आता निकामी आहे, पण मागच्या जाळीतून बाहेर आलेली खुंटी रात्री डावीकडे फिरवली की उजेड समईसारखा खाली येतो. पेन्सिल एकच दिसते. डोकेदुखी दहा-बारा दिवसांत थांबली.

सप्टेंबरात वरची पट्टी एका टोकाला सुटली आणि डाव्या कोपऱ्यात सावली आली. पट्टीमागचा चिकट टेप उष्णतेने सैल झाला होता. पुन्हा उघडून उष्णता सोसणारा टेप लावला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्या खटाटोपात डिफ्यूजरच्या, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पत्र्यांच्या, थरांत धुळीचा एक कण गेला, पांढऱ्या पानावर उजवीकडे खाली दिसतो. तो तसाच राहू दे.

मैत्रिणीलाही संध्याकाळी डोकेदुखी होतेच आहे. पुढच्या रविवारी तिचा मॉनिटर उघडायचा ठरलाय. पॉट आणि टेप दोन्ही आणून ठेवलेत.