पेठ तालुक्यात व्हीसॅट मॉडेम : आठ महिन्यांचा अनुभव, मुख्यतः विजेचा

सावळघाटाच्या पलीकडे आमच्या गावात मोबाइलला रेंज हवी तर टेकडीवर चढावे लागते. म्हणून गेल्या जूनमध्ये सेवा केंद्रासाठी व्हीसॅट, म्हणजे छोट्या छत्रीने थेट उपग्रहावरून मिळणारे नेट, घेतला. नाशिकच्या विक्रेत्याने पत्र्यावर छत्री बसवली, खाली मॉडेम ठेवला. नेट चांगले चालते, हे आधीच सांगते. उपग्रह 36 हजार किलोमीटरवर, त्यामुळे दर क्लिकला अर्धा सेकंद थांबावे लागते. पण थंब लागतो, ई-केवायसी होते, आमच्याकडे येणाऱ्यांना तेच हवे असते.

विजेचे मात्र घेण्याआधी कोणी सांगितले नाही. "ताई, बल्बाएवढी वीज खातो," एवढेच ऐकले होते. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून सोलर पॅनल आणि 12 व्होल्ट, 150 एएचची (अ‍ॅम्पिअर-तासांची) बॅटरी होतीच. लाइट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर ओरडायला लागला. निराधार योजनेच्या केवायसीसाठी पाड्यावरून दोन आजी पायी आल्या होत्या, त्यांना तसेच परत पाठवावे लागले. ते मला फार लागले.

मग वॉटमीटर आणला आणि मोजत बसले. मॉडेम नुसता चालू असताना 24 वॅट, कागद अपलोड करताना 35. छत्रीवरच्या ट्रान्समीटरला वीज मॉडेमच देतो, त्याच केबलमधून. त्यामुळे आपण काही पाठवत नसलो तरी तो वर जागाच असतो. त्यात इन्व्हर्टर स्वतःसाठी 15 वॅट खात होता. 39 वॅट चोवीस तास म्हणजे 936 वॅट-तास, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही म्हटले तर माझ्याजवळ होते 900 (12 गुणिले 150 म्हणजे 1800, त्याचे निम्मे).

नाशिकच्या सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमधून 12 चे 24 व्होल्ट करणारा डीसी कन्व्हर्टर बनवून घेतला, मॉडेम त्यावरून थेट बॅटरीवर घेतला आणि मधला इन्व्हर्टर काढून टाकला. हा मॉडेम 24 व्होल्टवर चालतो. तुमच्या मॉडेमच्या मागचे लेबल आधी वाचा, आणि ट्रान्समीटरचा भार धरून अ‍ॅम्पिअर सांगा. मॉडेमच्या सेटिंगमध्ये काम नसताना ट्रान्समीटर झोपवायची सोय आहे, ती कुठेतरी तिसऱ्या पानावर दडलेली. ती सुरू केल्यावर रिकाम्या वेळेत आकडा 14 वर येतो. पुन्हा उठायला पाऊण मिनिट लागते, तेवढ्यात मी आधार नंबर टाइप करून घेते. रात्री मॉडेम पूर्ण बंद. आता दिवसाचा खर्च तीनशे वॅट-तासांच्या आत बसतो.

पावसाचे गणित वेगळे आहे. आमची सेवा केयू बँडवर, म्हणजे पावसाने अडणाऱ्या रेडिओ लहरींवर, आहे; मुसळधार पावसात सिग्नल पडतो आणि मॉडेम जास्त जोराने पाठवू लागतो. म्हणजे सोलर झोपलेले असते नेमकी तेव्हाच त्याची भूक वाढते. ऑगस्टच्या वादळात छत्री जराशी हलली होती. नेट चालू होते म्हणून कळलेच नाही, फक्त अपलोडचा आकडा दोन-तीन वॅट चढलेला दिसत होता. माणूस बोलावून छत्री पुन्हा लावली, तेव्हा तो खाली आला. वॉटमीटर कायमचा जोडून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते.

मॉडेमला पाचपैकी चार तारे. एक कापला तो माहितीपुस्तिकेसाठी. अ‍ॅडॉप्टरवर 60 वॅट छापले आहे, पण ती अ‍ॅडॉप्टरची ताकद झाली. रिकामा असताना मॉडेम किती घेतो हे कुठेच लिहिलेले नाही, आणि सोलरवर केंद्र चालवणाऱ्याला पहिल्यांदा तोच आकडा लागतो.

त्या आजींची केवायसी पुढच्या आठवड्यात मी मशीन घेऊन पाड्याजवळच्या टेकडीवर जाऊन करून दिली.